भाऊ व्हायरल झाला, पण त्याच्या मैत्रिणीचं काय? (कोल्हापूर, जरा मोठं लिहिलंय)

कळंबा_रोड:

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, म्हणून नावं, पेठ, गाण्याचं नाव काहीच लिहीत नाही. कुणी ओळखलंच तर कृपया इथे उघड करू नका.

माझा मावसभाऊ, वय 21. रॅप करतो. दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि रात्री मित्राच्या खोलीत गाद्या भिंतीला लावून रेकॉर्डिंग करायचा. गेल्या पावसाळ्यात त्याचं एक गाणं रीलवर उचललं गेलं. गणपतीत मंडळांनी वाजवलं, दिवाळीपर्यंत इचलकरंजी, सांगली, कराडचे शो सुरू झाले. आम्हाला अभिमान आहे. पोराकडे शब्द आहेत आणि ते त्यानं कुणाचे चोरलेले नाहीत.

त्याची मैत्रीण या सगळ्याच्या आधीपासूनची. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करतेय आणि सकाळी एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. त्याच्याकडे माईक नव्हता तेव्हा हिनं पगारातून पैसे दिले होते. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ती आहे. नाव नाही, पण लॅब कुठल्या चौकात आहे ते आहे, मोपेडचा रंग आहे, रंकाळा टॉवरच्या बाजूला दोघं कुठं बसतात ते आहे. आपलं कोल्हापूर केवढं, तुम्हाला माहीत आहे. आठवड्याच्या आत कमेंटमध्ये तिचं नाव आलं. मग तिच्या नावानं दोन फेक अकाउंट. मग लॅबच्या बाहेर पोरं गाडी लावून उभी राहायला लागली. आणि शेवटी कुणीतरी नातेवाइकानं ती लिंक त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर टाकली. वडिलांना मुलीचं प्रेम असं कळलं. जात वेगळी आहे. आता तिचा भाऊ तिला लॅबला सोडतो आणि घ्यायला येतो. फोन संध्याकाळी आईकडे असतो.

इकडे भाऊही बदललाय. रोज शेकडो मेसेज. कोण खरं बोलतंय, कोण स्क्रीनशॉट काढायला बोलतंय, त्याला कळत नाही. एका शोनंतर एका मुलीनं फोटो मागितला, यानं दिला, दुसऱ्या दिवशी तो फोटो 'आमचं जमलं' म्हणून फिरत होता. मैत्रिणीनं ते पाहिलं आणि रडत एक व्हॉइस नोट पाठवली. मिनिटभराची असेल. त्यात ती भांडलीय, घरच्यांचं सांगितलंय, आणि शेवटी त्याच्या आईची चौकशी केलीय.

आता प्रश्न. पुढच्या गाण्याच्या सुरुवातीला ती व्हॉइस नोट तशीच्या तशी लावायची असं याचं आणि याच्या टीमचं ठरलंय. आवाज थोडा बदलून. तिनं नाही म्हटलंय. हा म्हणतो, "ही माझी पण गोष्ट आहे, मी खोटं काहीच लावत नाही." मला हे अजिबात पटत नाही, पण मी त्याला नीट समजावू शकत नाहीये, कारण गाण्यातलं मला काही कळत नाही असं तो म्हणतो. गाण्यातलं कळणाऱ्यांनी, आणि अशा नात्यातून गेलेल्यांनी, कृपया लिहा.

---

तिकटी_बॉय:

ताई, पहिलं म्हणजे त्या लॅबच्या बाहेर उभ्या राहणाऱ्यांचं बघा. गाणं नंतर.

---

बीटवाला_इचल:

मी बीट बनवतो, मिक्सिंग करतो, इचलकरंजीत. त्यामुळे आतलं सांगतो.

व्हॉइस नोटनं गाणं सुरू करायचं ही आता पद्धतच झालीय. ऐकणाऱ्याला वाटतं की आपण चोरून काहीतरी खरं ऐकतोय, म्हणून तो थांबतो. पहिल्या काही सेकंदात माणूस थांबला तर रील पुढं जाते. तुमच्या भावाच्या टीमला हे बरोबर माहीत आहे. पण ते काम दुसऱ्या आवाजानंही होतं. एखाद्या नाटकातल्या मुलीला बोलवा, मजकूर नवा लिहा, फोनवर रेकॉर्ड करा, तोच परिणाम येतो. मी स्वतः असं करून दिलंय. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. "खरी नोट नसली तर मजा नाही" असं जो म्हणतो त्याला गाणं नको असतं, भांडण विकायचं असतं.

आवाज बदलून लावू म्हणतात त्याचा उपयोग शून्य. पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली घेतली तर बोलायची ढब तशीच राहते. तिच्या गल्लीतली माणसं दुसऱ्या वाक्याला ओळखतील. शिवाय कुणीही ती पिच परत वर घेऊ शकतो, फुकटच्या ॲपमध्ये होतं.

पैशाचं पण सांगतो, कारण विश्वास तिथून सुटायला लागतो. रीलला लाखो व्ह्यूज आले म्हणून खात्यात लाख येत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचा वॉच टाइम लागतो, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. तोपर्यंत पोराचं पोट शोवर. त्यातले 15-20 टक्के मॅनेजर घेतो, गाडी, डीजे, सोबतची चार पोरं जाऊन हातात फार थोडं उरतं. पण गल्लीला वाटतं हा करोडपती झाला. जुना मित्र उसने मागतो, नाही म्हटलं की "भाऊ बदलला". हो म्हटलं की उद्या आणखी दोघं. अशा वेळी पोरगं एक साधा हिशेब करायला लागतं: जो माझ्याकडं येतोय त्याला काहीतरी पाहिजे. आणि हा हिशेब ते मैत्रिणीला पण लावतं, जिनं माईकला पैसे दिले होते तिला पण. हे मी तीन-चार पोरांत जवळून बघितलंय.

---

खटका:

माझं मत वेगळं आहे. रॅप म्हणजे आपलं जगणं आपल्या तोंडानं सांगणं. त्यानं बापाची दारू सांगितली, घराचं भाडं थकलेलं सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मैत्रिणीचं सांगितलं की चूक? कलाकारानं प्रत्येकाची परवानगी घेत बसायची म्हटलं तर गाणं भजन होईल. ती त्याच्या आयुष्यात होती, त्याच्या दुःखात तिचा वाटा आहे. दुःखावर त्याचाही हक्क आहे की.

---

कळंबा_रोड:

@खटका, तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मनापासून उत्तर देते. वडिलांवरची ओळ त्यानं आधी मावशीला वाचून दाखवली होती. स्वयंपाकघरात, मी तिथे होते. मावशी म्हणाली, "घाल, पण बाबा आता सोडल्यात हे पण घाल." त्यानं ते घातलं. ती ओळ गाण्यातली सगळ्यात चांगली ओळ आहे असं लोक म्हणतात.

मैत्रिणीला त्यानं काही वाचून दाखवलं नाही. आणि मावशीच्या दारात कुणी गाडी लावून उभं राहत नाही. दुःख त्याचं आहे, मान्य. पण लॅबमधून भावाच्या मागं बसून घरी जायचं, हे तिच्या वाट्याला आलंय. त्याला शो मिळाले.

---

सुपारीबाज_नाही:

खटका भाऊ, अमेरिकेच्या एमिनेमचं उदाहरण सगळे रॅपर देतात म्हणून मीही देतो. 2000 च्या अल्बममध्ये त्यानं स्वतःच्या बायकोच्या नावानं गाणं केलं. तिनं अब्रुनुकसानीचा दावा लावला, नंतर तडजोड झाली. 1999 ला लग्न, 2001 ला घटस्फोट, 2006 च्या जानेवारीत परत लग्न आणि त्याच वर्षात परत घटस्फोट. जगातला सगळ्यात मोठा रॅपर, वकिलांची फौज, पैशाला तोटा नाही, आणि तरी घर टिकलं नाही. आपल्या पोरांनी त्याची ठेका पकडायची पद्धत जरूर शिकावी.

आणि लांब कशाला, पुण्याचा एमसी स्टॅन. 12 फेब्रुवारी 2023 ला बिग बॉस जिंकला. शोमध्ये मैत्रिणीबद्दल प्रेमानंच बोलायचा, पण तिचं लाडकं नाव देशभर झालं. प्रेमानं बोललेलं असो नाहीतर रागानं, एकदा बाहेर गेलं की त्या मुलीकडं आपली अशी गोष्टच राहत नाही.

---

रात्रपाळी_ड्रायव्हर:

मी गाडीवाला हाय. शो असला की अशी पोरं, डीजेवाली, लावणीवाली, सगळ्यांस्नी ने-आण करतोय. पोराची पण बाजू कुणीतरी सांगा की, म्हणून लिहितोय.

स्टेजवर हजारो माणूस वरडतंय. खाली उतरलं की पंधरा मिनटं फोटो. मग गाडीत बसलं की एकदम सामसूम. सोबतची पोरं झोपत्यात. ह्यो मागच्या सीटवर कमेंटा वाचत बसतोय. कराड सोडलं की सुरू, किणी टोलनाका आला तरी मान खालीच. शंभर चांगल्या असत्यात, एक घाण असती, आणि त्येला तेवढीच दिसती. मग रात्री दोनला फोन लावतोय. पोरगीला सकाळी ड्युटी, ती उचलत न्हाई. की ह्येच्या डोक्यात चालू, "का उचलंना? कुणाशी बोलाय लागली?" मी आरशात बघत असतोय. एकदा एकाला म्हटलं, भावा, ती झोपली आसंल की. तर म्हणतोय, "काका, आधी उचलायची." आधी तू दुकानात होतास लेकरा, रात्री दहाला फोन करत होतास.

पोरं वाईट न्हाईत ओ. पण त्यांच्यासोबत वयानं मोठं, पैशाशी संबंध नसलेलं एक पण माणूस नसतंय. सगळी त्येच्याच जिवावर जगणारी. नाही म्हणणार कोण?

---

पाऊलखूण:

मी नेहमी फक्त वाचते. आज लिहितेय, कारण मी त्या मुलीच्या जागी होते. तो रॅपर नव्हता, गायक होता, गावही दुसरं. एवढंच सांगते.

लोकांना वाटतं की प्रसिद्धी मिळाली की मुलगा दुसऱ्या मुलींच्या मागं लागतो आणि म्हणून नातं तुटतं. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. तो कुणाच्या मागं लागला नाही. तो मला तपासायला लागला. आधी लोकेशन मागितलं, "काळजी वाटते" म्हणून. मग पासवर्ड, "माझाही घे की" म्हणून. मी दिला, कारण लपवण्यासारखं काही नव्हतंच. मग मला एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज यायला लागले. खूप गोड, माझ्या कामाचं कौतुक करणारे. मी एकदा "धन्यवाद" लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तो स्क्रीनशॉट माझ्यासमोर धरला. ते अकाउंट त्याच्या मित्राचं होतं, माझी परीक्षा घ्यायला काढलेलं. त्याच्या सोबतच्या चौघांनी ते मेसेज बसून लिहिले होते आणि वाचले होते. हेच चौघं मला स्टेजमागं वहिनी म्हणायचे.

त्याला त्या दिवसांत खरंच भीती वाटत होती, हे मला आजही पटतं. ज्याला रोज अनोळखी माणसं "तूच माझं सगळं" लिहितात त्याला ओळखीच्या माणसाचं साधं बोलणं कमी वाटायला लागतं. आपण "जेवलास का" विचारतो. ते लोक त्याच्या नावाचा टॅटू काढतात. तो दोन्ही एकाच तराजूत टाकतो आणि आपण हलके पडतो.

कळंबा ताई, त्या मुलीला एकच सांगा. व्हॉइस नोटवर तिचं "नाही" आहे, तर ते तिनं एकदा लिहून पाठवावं. फोनवर, रडताना नाही. शांतपणे, दोन ओळीत. मी ते केलं नाही. माझे मेसेज नंतर त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर वाचले गेले, आणि "तू कधी नाही म्हणालीस?" हे मला ऐकावं लागलं.

---

तिकटी_बॉय:

@पाऊलखूण, फेक अकाउंट काढून परीक्षा घेणं हे वाचून अंगावर काटा आला. तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

---

कोर्ट_कचेरी:

वकील आहे, कोल्हापुरातच. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो, कारण अशा प्रकरणात लोक चुकीचं कलम धरून बसतात.

"मी खोटं काही लावत नाही" हा बचाव इथे पुरत नाही. 1994 साली राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू सरकार या खटल्यात (ऑटो शंकर प्रकरण म्हणून ओळखतात) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसाच्या खासगी आयुष्याबद्दल, म्हणजे घर, लग्न, कुटुंब याबद्दल, त्याच्या संमतीशिवाय कुणी प्रसिद्ध करू नये, मग ते खरं असो वा खोटं. अपवाद आहेत, उदाहरणार्थ सार्वजनिक नोंदीत असलेली माहिती, किंवा ज्यानं स्वतःच जाहीर वादात उडी घेतलीय. या मुलीनं तसं काही केलेलं नाही. 2017 मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. गाणं यायच्या आधी दिवाणी कोर्टात मनाई मागता येते. मिळेलच असं मी म्हणणार नाही, पण दार बंद नाही.

आयटी कायद्याचं 66ई कलम इथे लागू नाही. ते खासगी अवयवांच्या चित्रांपुरतं आहे. आवाजाला ते लावत बसू नका.

लॅबबाहेरच्या पोरांचं मात्र वेगळं. मुलीनं स्पष्ट नापसंती दाखवूनही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क करत राहणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गाडीचे नंबर, वेळा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा. फेक अकाउंटसाठी प्लॅटफॉर्मवर तक्रार कराच, शिवाय राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे.

आता वकील म्हणून नाही, पेठेतला माणूस म्हणून लिहितो. ही तक्रार रॅपर पोरानं स्वतः मुलीसोबत आणि तिच्या भावासोबत जाऊन द्यावी. त्याचं नाव आहे, चार लोक ऐकतील. ते नाव तिच्या कामाला आलं तर तिच्या वडिलांनाही काहीतरी वेगळं दिसेल.

---

जुना_राजारामियन:

वय झालंय, रॅप कळत नाही. पण या गावाला कलाकार नवे नाहीत. 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथंच उभी राहिली, 1933 ला पुण्याला गेली. नंतरही जयप्रभा स्टुडिओमुळं नट-नट्या आमच्या आसपास वावरायच्या. लोक बघायचे, बोलायचे, कुचाळक्याही व्हायच्या. पण कुचाळकी करणाऱ्याला तोंड होतं, घर होतं. त्याच्या आईला जाऊन सांगता यायचं. आता कमेंट लिहिणाऱ्याचं घर कुठं शोधणार? त्या मुलीच्या बापाचा राग मला समजतो. लेकीनं प्रेम केलं यापेक्षा गावानं आपल्या आधी ऐकलं, हे त्याला जास्त लागलं असणार.

---

खटका:

सगळं वाचलं. कलाकाराच्या हक्काबद्दल माझं मत कायम आहे, पण ते त्याच्या शब्दांपुरतं. व्हॉइस नोट ही तिची आहे, तिचा आवाज, तिचे शब्द. त्यानं त्या रात्रीवर स्वतःच्या शब्दांत सोळा ओळी लिहाव्यात. लिहिता येत असेल तर नोटची गरज पडू नये.

---

मानसी_वाचनवेडी:

पाऊलखूण यांनी जे तराजूचं लिहिलं त्यावर अभ्यास आहे. 1956 मध्ये हॉर्टन आणि वोल या दोघांनी रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल मांडलं होतं की पडद्यावरच्या माणसाशी आपलं जवळचं नातं आहे असं प्रेक्षकाला वाटत राहतं, पण ते एकतर्फी असतं. तेव्हा निवेदकाला प्रेक्षक दिसत नव्हता. आता प्रेक्षक थेट खिशात येऊन बोलतो, आणि 21 वर्षांच्या पोराला ते दोन्ही बाजूंचं नातं वाटायला लागतं. भावाला सांगा, मेसेज बघायचं काम काही दिवस दुसऱ्या कुणाकडे द्यावं. बहिणीकडे दिलं तर उत्तम.

---

कळंबा_रोड:

सगळ्यांचे खूप आभार. काय झालं ते सांगते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला आणि तिच्या आईला घरी बोलावलं. आईंना मी आधी खरं कारण सांगितलं होतं, फसवून बोलावलं नाही. त्या हॉलमध्ये बायकांत बसल्या आणि आतल्या खोलीत ही दोघं आणि मी. तिनं दोन ओळी लिहून आणल्या होत्या (पाऊलखूण, तुमच्यामुळं). कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी त्या गाण्यात हाय हे मला लोकांच्याकडनं कळलं. आधी ऐकवला असतास तर मीच दोन ओळी बदलून दिल्या असत्या. चांगल्या दिल्या असत्या."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं तिला विचारलं की ती रात्री फोन का उचलत नव्हती. तिनं सांगितलं, फोन आईकडं असतो. त्याला हे माहीतच नव्हतं. इतके महिने त्याच्या डोक्यात काय काय चाललं होतं आणि कारण हे होतं. मला त्या क्षणी दोघांचीही फार कीव आली. त्याच्या टीममधल्या कुणालाही हे एकदा मला किंवा मावशीला विचारावंसं वाटलं नाही, याचा रागही आला.

व्हॉइस नोट लागणार नाही. मॅनेजर नाराज आहे, असू दे. लॅबबाहेरच्या पोरांविरुद्ध तक्रार द्यायला तो तिच्या भावासोबत जाणार आहे. भाऊ अजून त्याच्याशी नीट बोलत नाही, पण एका गाडीवर नाही तरी एका वेळी पोहोचायचं ठरलंय. दोघांचं पुढं काय, ते मी सांगू शकत नाही. तिनं परीक्षेपर्यंत फोन करू नकोस असं सांगितलंय आणि त्यानं ते मान्य केलंय.

एक विचारायचं राहिलं. जुन्या गाण्यातली ती लॅबची ओळ यूट्यूबवरून कापता येते का?

---

बीटवाला_इचल:

यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा कापता येतो, लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. पण व्हिडिओला एक लाखाच्या वर व्ह्यूज असतील आणि चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये (जाहिरातीचा वाटा मिळतो ती योजना) नसेल, तर बदल सेव्ह न होण्याची शक्यता आहे. त्याचं चॅनेल मॉनेटाइज झालंय का ते आधी बघा. नसेल तर व्हिडिओ प्रायव्हेट करून नवी आवृत्ती टाकावी लागेल, व्ह्यूज शून्यापासून. ती ओळ बदलून गायची असेल तर माझ्याकडं या, पैसे नकोत. डिस्क्रिप्शनमधले गाण्याचे शब्द आणि तिचं नाव असलेल्या कमेंट आजच काढायला सांगा, त्याला काही लागत नाही.

आणि महत्त्वाचं. ती व्हॉइस नोट आता कुणाकुणाकडं आहे? मिक्सिंगवाला, मॅनेजर, टीमचा ग्रुप, ड्राइव्हचं फोल्डर. गाण्यात नाही लागली तरी ड्राफ्ट म्हणून लीक होते, असं होताना बघितलंय. प्रत्येकाला नाव घेऊन फोन करा आणि डिलीट करून घ्या.

---

कळंबा_रोड:

हे लक्षातच आलं नव्हतं. ड्राइव्हवर आहे, पाच जणांना ॲक्सेस आहे. आत्ता त्याला फोन लावते.